फॉर्म सबमिटची टेस्ट: फायरइव्हेंट बरं की युजरइव्हेंट?

रिॲक्ट टेस्टिंग लायब्ररी (रिॲक्टमध्ये केलेली वेबपानं तपासायचं साधन) वापरताय हे धरून चालतो. सरळ फॉर्मवर फायरइव्हेंट.सबमिट मारायचं, म्हणजे एकच इव्हेंट थेट फेकायचा, की युजरइव्हेंटने, म्हणजे खऱ्या माणसासारखं, फील्ड भरून बटणावर क्लिक करायचं, एवढाच प्रश्न. मी दोन्ही केलंय, पहिलं तर बरेच दिवस.

फायरइव्हेंट झटपट आहे, वादच नाही. एक ओळ, अवेटची, म्हणजे काम संपेपर्यंत थांबायची, भानगड नाही. युजरइव्हेंट 2022 च्या व्हर्जन 14 पासून प्रत्येक ठिकाणी अवेट मागतं, आणि जेस्टचे (टेस्ट चालवणाऱ्या साधनाचे) फेक टायमर्स, म्हणजे खोटं घड्याळ, लावून सेटअपमध्ये ते घड्याळ पुढे सरकवणारं ॲडव्हान्सटायमर्स द्यायचं विसरलात की टेस्ट 5 सेकंद लटकते नि टाइमआउट. शिवाय एकेका अक्षरामागे कीडाउन, इनपुट, कीअप अशी वरात काढतं, म्हणून लांबलचक पत्ता असला की मी पेस्ट वापरतो.

पण मागच्या गणपतीत इथे इंदूरला मंडळाच्या स्पर्धांसाठी नोंदणीचा फॉर्म केला होता, त्यात 'रद्द करा' वरून 'नोंदणी करा' कॉपी करताना टाईप 'बटन'च राहिला, 'सबमिट' केलाच नाही, म्हणजे दाबलं तरी फॉर्म जायचाच नाही. टेस्ट सगळ्या हिरव्यागार, कारण त्या थेट फायरइव्हेंट.सबमिट मारायच्या, बटणाला हातच लावत नव्हत्या! मग रामबागेतल्या एका काकांचा फोन, "अरे किती वेळा दाबू, बोट दुखायला लागलं." तेव्हा मी सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, एका हातात भुट्ट्याचा कीस, दुसऱ्या हाताने मोबाइलवर कोड बघतोय.

आता कोणी म्हणेल बटणावर फायरइव्हेंट.क्लिक मारलं असतं तरी सापडलं असतं, आणि ते खरंय. पण फायरइव्हेंट.चेंज डिसेबल्ड (बंद ठेवलेल्या) फील्डमध्येही बिनदिक्कत मजकूर भरतो, युजरइव्हेंट तिथे गप्प बसतं. आणि क्लिकने गेलं की जेएसडॉम (टेस्टमधला नकली ब्राउझर) रिक्वायर्ड, म्हणजे भरायलाच हवं असं फील्ड, रिकामं असेल तर सबमिट होऊच देत नाही, थेट सबमिट इव्हेंट फेकला की हे सगळं बाजूला. क्लिकने जाताना प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरचं आपोआप सबमिट थांबवणारी ओळ) विसरलात तर कन्सोलवर लाल 'नॉट इम्प्लिमेंटेड' येतं, टेस्ट पडत नाही पण निदान डोळ्यात तरी खुपतं.

तुमचा फॉर्म दोन फील्डचा असेल तर फायरइव्हेंटनेही भागेल बहुतेक, मी काही हट्ट धरत नाही. माझ्याकडे मात्र त्या फॉर्मच्या टेस्टमध्ये एकच फायरइव्हेंट.सबमिट उरलाय, तोही एखाद्या रविवारी पोहे-जलेबी झाल्यावर काढायचाय.