गहाळ तिकिटांवर दंड लावणारा पार्किंग ठेका: घ्यावा का?

ठेकेदार ठरावीक भाडे भरून पार्किंगची जमा स्वतःकडे ठेवत असेल, तर तिकीट गहाळ झाले म्हणून जागामालकाचे काही बिघडत नाही. हे परीक्षण दुसऱ्या तऱ्हेच्या ठेक्याचे आहे: माणसे आणि मशीन ठेकेदाराची, सगळी जमा मालकाची, ठेकेदाराला महिन्याचे शुल्क, आणि हिशेबात न बसणाऱ्या प्रत्येक तिकिटामागे त्या शुल्कातून कपात. मॉल, रुग्णालय, व्यापारी संकुल यांनी हा प्रकार जरूर घ्यावा. मात्र ठेकेदाराने पुढे केलेला मसुदा जसाच्या तसा स्वीकारू नये.

हिशेब रोजचा हवा. समजा रात्रीच्या मुक्कामी गाड्या ४२, दिवसभरात फाडलेली तिकिटे ६१८, परत जमा झालेली ५९७ आणि दिवसअखेर आत उभ्या गाड्या ५१. मग ४२ + ६१८ − ५९७ − ५१, म्हणजे १२ तिकिटे गहाळ. मुक्कामी गाड्या रोज ठरल्या वेळी मालकाच्या माणसाने स्वतः फिरून मोजाव्यात. हा आकडा ठेकेदाराने सांगितलेला असेल, तर बाकी गणिताला अर्थ उरत नाही.

मसुद्यातली मोठी चूक दंडाच्या दरात असते. पहिल्या दोन तासांचे २० रुपये आणि पूर्ण दिवसाचे १०० असा दर असताना दंड २० रुपये लिहिला, तर १०० घेऊन तिकीट फाडून टाकणे ८० रुपयांच्या फायद्याचे ठरते. म्हणून दंड पूर्ण दिवसाच्या दरानेच हवा. त्याहून मोठी गोल रक्कम लिहिण्याचा मोहही टाळावा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार नमूद रक्कम ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. दराशी जोडलेला दंड वाजवी ठरवणे सोपे जाते. एक टक्क्यापर्यंत गहाळ तिकिटांना दंडातून सूट द्यायची तर ती रोजच्या तिकिटांवर द्यावी. महिन्यावर दिली, की रविवारची गळती मंगळवारच्या चोख हिशेबात लपते.

ग्राहकाने हरवलेले तिकीट गहाळ धरू नये. गाडीचा क्रमांक, आरसीची खातरजमा, वेळ, घेतलेली रक्कम आणि सही असलेला अर्ज त्या तिकिटाच्या जागी मोजावा. असे अर्ज एकाच शिफ्टमध्ये वाढू लागले, तर तिथे लक्ष घालावे. कागद अडकून किंवा वीज जाऊन वाया गेलेली तिकिटे क्रमांकासह वहीत चिकटवावीत. थर्मल छपाई उन्हाने, उष्णतेने पुसट होते, त्यामुळे क्रमांक त्याच दिवशी नोंदवणे भाग आहे.

या दंडाने न पकडली जाणारी चोरी म्हणजे अदलाबदल. आठ तास थांबलेल्या गाडीचे पैसे घ्यायचे आणि हिशेबात नुकत्याच आलेल्या गाडीचे तिकीट लावायचे. संख्या तंतोतंत जुळते, पैसे जातात. उपाय एकच: आत येतानाच तिकिटावर गाडीचा क्रमांक छापणे आणि बाहेर पडताना तो कॅमेऱ्यातल्या क्रमांकाशी ताडून पाहणे. ही सोय नसलेले हँडहेल्ड मशीन स्वस्त मिळाले तरी नको.

आणखी एक अट आग्रहाने घालावी. दंड ठेकेदाराच्या शुल्कातूनच कापला जावा, गेटवरच्या मुलाच्या पगारातून नव्हे. पगार कापला जाण्याच्या भीतीने तो कचऱ्यातली तिकिटे उचलून संख्या भरून काढतो, आणि मग खरी गळती कोणत्या शिफ्टला, कोणत्या गेटवर होते ते कळायला मार्ग राहत नाही.