अख्खं विमान ठरवावं की ग्रुप बुकिंग करावं?

शंभर-सव्वाशे माणसं एकाच दिवशी एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची असतील, तर विमानाच्या तीन वाटा असतात. नियमित विमानावर ग्रुप बुकिंग करायचं, दुसऱ्या कुणी आखलेल्या चार्टरवर जागांचा एक गठ्ठा उचलायचा, किंवा अख्खं विमान आपणच ठरवायचं, म्हणजे चार्टर करायचं. तिसऱ्या वाटेबद्दल दोन टोकांची मतं कानावर येतात: ‘आपल्याला झेपणारच नाही’ आणि ‘माणशी काढलं तर उलट स्वस्त पडतं’. दोन्ही मतं बहुतेकदा कोटेशन न वाचताच दिलेली असतात. खरा प्रश्न असा, की तुम्ही विमानात नसाल तेव्हा ते विमान कुठे असेल आणि त्याचे पैसे कुणाच्या खिशातून जातील?

भाडं नेमकं कशाचं?

ग्रुप बुकिंगमध्ये तुम्ही जागा विकत घेता. बहुतेक कंपन्या १० किंवा त्याहून जास्त प्रवाशांना गट धरतात. इथे पहिला धक्का असा बसतो, की एकट्याचं तिकीट ज्या भावात दिसतं, त्या भावात गटाला मिळत नाही. कंपनी एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या टप्प्यांत विकते आणि सर्वांत स्वस्त टप्प्यात मोजक्याच जागा असतात. चाळीस जागा एकदम मागितल्या की सगळ्यांना एकच, वरचा दर लागतो. त्या बदल्यात सवलती मिळतात: आधी फक्त अनामत, प्रवाशांची नावं नंतर, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत काही जागा परत करण्याची मुभा. गट अजून पक्का व्हायचा असेल, तर या मुभेसाठी थोडं जास्त भाडं मोजणं परवडतं.

चार्टरमध्ये तुम्ही विमानाचा वेळ विकत घेता. विमान जागेवरून हललं तिथून ते पोहोचल्यावर थांबेपर्यंतच्या वेळेला ब्लॉक अवर म्हणतात आणि बहुतेक हिशेब त्यावर चालतो. समजा, दोन तासांचं अंतर आहे आणि गट सहा दिवस राहणार आहे. तुम्हाला सोडून विमान रिकामं परत जाईल, सहा दिवसांनी रिकामं न्यायला येईल. तुमचा प्रवास चार तासांचा, पण बिल आठ तासांचं. विमानाचा तळ तिसऱ्याच शहरात असेल, तर तिथून येण्याजाण्याचे तास वेगळे. खाजगी बसवाला रिकाम्या परतीचे किलोमीटर लावतो तसंच हे, फक्त आकडे डोळे पांढरे करणारे. याउलट सकाळी जाऊन रात्री परतायचं असेल, तर विमान तिथेच उभं राहतं, रिकामी फेरी वाचते आणि चार्टरचं गणित एकदम बदलतं.

म्हणून चार्टरचा खर्च पैशांत मोजण्याआधी तिकिटांत मोजावा. एकूण रकमेला त्याच दिवसाच्या ग्रुप भाड्याने भागा. त्या भाड्यात कनेक्टिंग विमानामुळे लागणारा रात्रीचा मुक्काम आणि लांबच्या विमानतळावरून बसचा खर्चही धरा. उत्तर ११० आलं आणि विमान १५० जागांचं असेल, तर १११ व्या माणसापासून तुमचा फायदा. माणसं ९५ असतील तर उरलेल्या पंधरा तिकिटांचे पैसे तुम्ही चैनीसाठी देत आहात. द्यायला हरकत नाही, फक्त तसं माहीत असावं.

कोटेशन ‘सगळं धरून’ आहे का, हे शब्दांवर सोडू नका. इंधनाचा भाव वाढला तर फरक कोण देणार, लँडिंग आणि पार्किंगचे आकार, ग्राउंड हँडलिंग (विमानतळावर प्रवासी, सामान आणि विमान यांची व्यवस्था), प्रवाशांवरचे कर, विमान कर्मचाऱ्यांचा मुक्काम, विमानतळ नेहमीच्या वेळेबाहेर उघडा ठेवण्याचं शुल्क, थंड प्रदेशात पंखांवरचा बर्फ काढण्याचा खर्च – यातलं काय आत आणि काय बाहेर, ते लेखी घ्यावं. शेवटची बाब बहुधा बाहेरच असते.

मधली वाट

सुट्ट्यांच्या मोसमात सहल कंपन्या दर आठवड्याला चार्टर लावतात. एक गट उतरतो आणि आधीच्या आठवड्याचा गट त्याच विमानाने परततो. रिकाम्या फेऱ्या फक्त मोसमाच्या पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात पडतात, म्हणून तिथल्या जागा स्वस्त देता येतात. वार आणि वेळ त्यांच्या सोयीची असते, आणि जागा खपल्या नाहीत तर दोन उड्डाणं एकत्र करण्याचा हक्क त्यांनी करारात राखलेला असतो. तीस-चाळीस जणांच्या सहलीला हे चालतं. संमेलन किंवा सामन्याची तारीख गाठायची असेल तर नाही.

वेळ आणि धावपट्टी

चार्टरच्या बाजूने सर्वांत दमदार मुद्दा हा. नियमित विमान जिथे जातच नाही तिथे चार्टर जाऊ शकतं. एटीआर ७२ हे पंख्याच्या इंजिनाचं विमान साधारण सत्तर माणसं घेऊन तेराशे-चौदाशे मीटरच्या धावपट्टीवरूनही उडू शकतं. वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, म्हणून लांबच्या पल्ल्याला ते कंटाळवाणं. शंभराच्या गटाला एम्ब्रेअर १९० बसतं. बोइंग ७३७-८०० मध्ये जास्तीत जास्त १८९ जागा असतात आणि एअरबस ए३२० साधारण त्याच मापाचं. गट ११५ चा असेल तर पंचाईत होते: लहान विमानात मावत नाही, मोठ्यात सत्तर खुर्च्या रिकाम्या राहतात. अशा वेळी शंभर जणांचं चार्टर आणि उरलेल्यांना नियमित विमान असा तोडगाही निघतो, फक्त कोण कशातून जाणार यावरून रुसवेफुगवे ठरलेले.

‘वेळ तुम्ही ठरवा’ हे मात्र अर्धंच खरं. गजबजलेल्या विमानतळांवर उतरण्या-उडण्याचा स्लॉट, म्हणजे नेमून दिलेली वेळ, आधी मिळवावा लागतो आणि सकाळचे चांगले स्लॉट नियमित कंपन्यांकडे असतात. शिवाय वैमानिकांच्या ड्यूटीला कायद्याची मर्यादा असते. देश, सुरुवातीची वेळ आणि उड्डाणांची संख्या यांनुसार ती कमीजास्त होते, पण दोन वैमानिकांसाठी दिवसाला साधारण ९ ते १४ तासांत बसते. पहाटे निघून मध्यरात्री परतायचं असेल तर दुसरा क्रू लागतो किंवा मुक्काम. समारंभ दोन तास लांबला तर विमान थांबेल, वैमानिकांची ड्यूटी थांबणार नाही.

सामानात मात्र चार्टर सरळ जिंकतं. वाद्यं, खेळाचं साहित्य, प्रदर्शनाच्या पेट्या आधी कळवल्या तर वजनाचा हिशेब धरून विमान निवडता येतं. नियमित विमानात जादा सामान पुढच्या उड्डाणाने येईल, असं काउंटरवर कळण्याची भीती असते.

विमान बिघडलं तर? मोठ्या नियमित कंपनीकडे पर्यायी विमानं असतात, पण सव्वाशे जणांना एकत्र जागा मिळणार नाही, गट दोन-तीन दिवसांत विखरून पोहोचेल. चार्टरवर सगळे एकत्र अडकतात, आणि ऑपरेटरकडे, म्हणजे विमान उडवणाऱ्या कंपनीकडे, तीनच विमानं असतील तर चौथं आणायचं कुठून? पर्यायी विमान किती तासांत आणि कुणाच्या खर्चाने, हे कलम करारात नसेल तर सही करू नये.

परवाने आणि ऑपरेटर

इथे घाई केली तर किंमत पैशांपुरती राहत नाही. २८ नोव्हेंबर २०१६ ला ब्राझीलच्या शापेकोएन्से फुटबॉल संघाला घेऊन जाणारं चार्टर विमान कोलंबियातल्या मेडेयीनजवळ कोसळलं. ७७ पैकी ७१ जण गेले. कारण साधं आणि चीड आणणारं: इंधन संपलं. अंतर विमानाच्या पल्ल्याच्या टोकावरचं होतं आणि राखीव इंधन घेतलेलंच नव्हतं. संघाला हे विमान थेट साओ पावलोहून हवं होतं, पण कंपनी बोलिव्हियाची असल्याने ब्राझीलच्या विमान प्राधिकरणाने परवानगी नाकारली. मग संघ नियमित विमानाने बोलिव्हियात सांताक्रूझला गेला आणि तिथून त्याच कंपनीच्या चार्टरमध्ये बसला.

परवानगीचा हा अडथळा अपवादात्मक नाही. १९४४ च्या शिकागो कराराने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराने, नियमित आणि अनियमित (चार्टरसारख्या, वेळापत्रकाबाहेरच्या) उड्डाणांना वेगळे नियम लावले. चार्टरच्या प्रवाशांना चढवण्या-उतरवण्यावर प्रत्येक देश अटी घालू शकतो, आणि देशातल्या देशात प्रवासी नेण्यास परक्या कंपनीला नकार देऊ शकतो. स्वस्त कोटेशन तिसऱ्याच देशातल्या ऑपरेटरचं असेल, तर परवानगी हातात आली आहे की ‘येईल’ आहे, हे आधी विचारावं. ग्रुप बुकिंगमध्ये हा विषय तुमच्यापर्यंत येतच नाही, आणि हा त्याचा मोठा गुण आहे.

चार्टर बहुतेकदा ब्रोकरमार्फत ठरतं. ब्रोकर विमान उडवत नाही, म्हणून प्रत्यक्ष उडवणाऱ्या कंपनीचं नाव, तिचं एअर ऑपरेटर सर्टिफिकेट (विमानसेवा चालवण्याचा सरकारी परवाना), त्यात त्या विमानाची नोंद आणि विम्याचा दाखला मागा. ऑपरेटर आयत्या वेळी दुसऱ्या कंपनीचं विमान वेट लीजवर, म्हणजे तिच्याच वैमानिक-कर्मचाऱ्यांसकट भाड्याने, आणू शकतो का, तेही. आंतरराष्ट्रीय प्रवासात, दोन्ही देश विमान कंपन्यांची प्रवाशांबद्दलची जबाबदारी ठरवणाऱ्या १९९९ च्या मॉन्ट्रियल करारात असतील, तर वाहतुकीचा करार करणारी आणि प्रत्यक्ष नेणारी अशा दोन्ही कंपन्या प्रवाशाला जबाबदार असतात. पण ब्रोकर निव्वळ एजंट म्हणून सही करत असेल, तर तो यात येत नाही.

माणसं गळली तर

गट म्हटला की गळती आलीच. ग्रुप बुकिंगमध्ये मुदतीआधी जागा सोडता येतात, अनामतीचा काही भाग जातो. चार्टरमध्ये रिकामी खुर्ची सर्वस्वी तुमची. रद्द केलं तर कापली जाणारी टक्केवारी तारीख जवळ येईल तशी चढते आणि शेवटी पूर्ण रकमेला भिडते. त्यामुळे पैसे सभासदांकडून आधी गोळा झाले असतील, किंवा एकच संस्था सगळा खर्च उचलत असेल, तरच चार्टर घ्यावं. ‘येतो’ म्हणणाऱ्यांच्या भरवशावर घेऊ नये.

एकाच दिवसात जाऊन येणं, थेट विमान नसलेलं ठिकाण, बरंच अवजड सामान आणि दहापैकी नऊ खुर्च्या भरतील एवढी पक्की यादी – यातल्या दोन गोष्टी तरी असतील तर चार्टरचं कोटेशन मागवा. आठवडाभराचा मुक्काम, रोज चार विमानं असलेला मार्ग आणि साठ माणसं असं असेल, तर दोन उड्डाणांत विभागून ग्रुप बुकिंग करा, फार विचार करू नका.

कोटेशन मागताना तारीख एक-दोन दिवस पुढेमागे चालेल असेल तर तसं लिहून टाका. एखादं विमान त्या बाजूला आधीच येणार असेल, तर रिकामी फेरी वाचते. विचारल्याशिवाय हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही.