चाचणीत पैकीच्या पैकी, आणि येत काहीच नाही

धाकट्याच्या वहीत मी १/२ + १/४ लिहिलं आणि म्हटलं, सोडव. त्यानं लगेच ५/६ लिहून टाकलं. कसं आलं विचारलं, तर म्हणाला, "पहिल्याचं उत्तर पाच छेद सहाच असतं. सरांनी पाठ करायला सांगितलंय."

शिकवणीच्या सरांच्या चाचणीत पहिलं गणित होतं १/२ + १/३, त्याचं उत्तर खरंच ५/६. मी एक आकडा बदललाय हे त्यानं पाहिलंसुद्धा नव्हतं. याच मुलाला तोंडी विचारलं, अर्धा आणि पाव मिळून किती, तर पटकन म्हणाला, "पाऊण." म्हणजे जे त्याला येत होतं तेही त्या कागदानं झाकून टाकलं होतं. चार महिने त्याला पैकीच्या पैकी मिळत होते आणि मी ते गुण नातेवाइकांना कौतुकानं सांगत होते.

घरी तिघांना शिकवणी हवी होती. धाकट्याला तज्ज्ञांनी तपासून डिसकॅल्क्युलिया, म्हणजे संख्या आणि आकडेमोड समजायला जड जाणारी शिकण्यातली अडचण, सांगितलेला. आठात पाच मिळवायचे तर तो आठाच्या पुढे मोजायचा नाही, पुन्हा एकपासून बोटं मोजायचा. मोठी (अ + ब)² चा विस्तार अ² + ब² असा करायची, मधलं २अब दर वेळी गळायचं. आणि माझा भाऊ शाळा सुटून बरीच वर्षं झाल्यावर नोकरीच्या परीक्षेसाठी शेकडेवारी, काळ-काम-वेग पुन्हा शिकत होता.

"ताई, तिघांचा वेगवेगळा आराखडा करतो," सर म्हणाले. "आणि धाकट्याचा प्रॉब्लेम तीन महिन्यांत मुळापासून घालवतो." तज्ज्ञांनी मला आधीच सांगितलं होतं की हा काही औषधानं बरा होणारा आजार नाही, मणी, संख्यारेषा, घडी घातलेला कागद हाताळत हळूहळू शिकवावं लागतं, वेळ लागतो. तरी 'मुळापासून' हा शब्द मला हवा होता. वर्षभराची फी आगाऊ दिली. पावती "नंतर देतो" म्हणाले, मीही पुन्हा मागितली नाही.

त्या ५/६ नंतर तिघांच्या फायली समोर घेऊन बसले. धाकट्याचं आणि भावाचं अपूर्णांकाचं पान एकच झेरॉक्स होतं. वरच्या नावावर व्हाइटनर लावलेला. उजेडात धरलं तर खाली तिसऱ्याच कुणाचं नाव दिसत होतं. चाचणीच्या आदल्या दिवशी तीच गणितं 'सराव' म्हणून सोडवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तीच, त्याच क्रमानं विचारायची, असा सगळा प्रकार. मोठीच्या वहीत सूत्र वीस वेळा लिहिलेलं. अ + ब बाजूचा चौरस काढून त्यातले २अब चे दोन आयत तिला कुणी एकदाही दाखवले नव्हते. मी फक्त अ = २, ब = ३ घालायला सांगितलं. एकीकडे २५ आले, दुसरीकडे १३. कितीतरी वेळ ती दोन्ही आकड्यांकडे बघत राहिली, मग स्वतःच म्हणाली, "आई, बारा कुठे गेले?" हा प्रश्न तिला चार महिन्यांपूर्वीच पडायला हवा होता.

सरांना विचारलं तर म्हणाले, "मुलाचं लक्ष नाही, ताई." याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आला. मुलगा दारातच उभा होता, त्यानं ते ऐकलं. फी परत मागितल्यावर त्यांनी फोन उचलणं बंद केलं. लेखी काहीच नव्हतं, त्यामुळे पुढे दाद मागायलाही माझ्या हातात काही उरलं नाही.

म्हणून कळकळीनं सांगते, फी महिन्याची महिन्याला द्या आणि पावती त्याच दिवशी घ्या. शिकवणाऱ्यांना विचारा, माझं मूल नेमकं कुठे चुकतं? धाकटा पूर्वी १/२ + १/३ = २/५ लिहायचा. खरा शिक्षक तिथेच थांबून विचारेल, अरे, अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी कसं? 'कच्चा आहे' एवढंच उत्तर मिळालं तर पैसे देऊ नका. गुण दिसले की त्याच चाचणीतला एखादा आकडा बदलून गणित पुन्हा सोडवून घ्या.

धाकट्याबरोबर आता रोज संध्याकाळी मीच बसते. कागदाच्या घड्या घालतो, मणी मोजतो. परवा आठात पाच मिळवताना त्यानं आठ मनात धरले आणि नऊपासून मोजायला सुरुवात केली.