खरेदीदाराच्या बाजूने काम करणारा सोर्सिंग सल्लागार: वर्षभराचा अनुभव

कास्टिंग आणि मशीनिंगचे पार्ट बाहेरून करून घेताना आपल्या बाजूने बोलणारं कोणीतरी असावं, म्हणून ही सेवा घेतली. वर्ष होत आलं. पैसे वसूल झाले, पण वेगळ्याच ठिकाणी. अपेक्षा होती की हे लोक घासाघीस करून भाव पाडून देतील. त्यांचा खरा उपयोग झाला तो ऑर्डर जायच्या आधी, ड्रॉइंगवर.

अ‍ॅल्युमिनियमच्या एका हाउसिंगला २० एच७ बोअर आहे, म्हणजे भोकाचा व्यास २०.००० ते २०.०२१ मिमीच्या आतच हवा. वरून अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवणं. कोटेशनांमध्ये इतकी तफावत होती की सगळ्यात स्वस्त घेऊन मोकळं व्हावं. सल्लागाराने सगळ्यांना एकच प्रश्न पाठवला: माप कोटिंगच्या आधीचं धरलंय की नंतरचं? थर २० मायक्रॉनचा असेल तर त्यातला साधारण निम्मा धातूच्या मूळ पृष्ठभागावर चढतो. बोअरच्या दोन्ही बाजू धरून व्यास वीसेक मायक्रॉनने कमी होतो, म्हणजे मापात चालणारी जवळपास अख्खी सूट (टॉलरन्स) तिथेच संपली. उत्तरं आल्यावर उलगडा झाला. महागवाल्याने बोअर मास्क करायचा (थर चढू नये म्हणून झाकायचा) खर्च धरला होता, स्वस्तवाल्याने काहीच धरलं नव्हतं. ड्रॉइंगवर एक ओळ वाढवून पुन्हा कोटेशनं मागवली, तेव्हा फरक बराच आटला.

फर्स्ट पीसची तपासणीही चोख. मटेरियलचं ३.१ सर्टिफिकेट (धातू बनवणाऱ्याने दिलेला चाचणीचा दाखला) नुसतं फाइलला न लावता त्यावरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतीचा क्रमांक, मालाशी ताडून बघतात. एका लॉटचा जुळला नाही, तो तिथेच अडवला. डाय (कास्टिंगचा साचा) कोणाच्या मालकीची आणि सप्लायर बदलला तर ती उचलून नेता येईल का, हेही त्यांनी ऑर्डरमध्येच लिहून घ्यायला लावलं.

आता तक्रारी. रिपोर्ट अवाढव्य, कामाची गोष्ट शेवटच्या पानावर. लहान ऑर्डरला त्यांची फी परवडत नाही. सप्लायरशी सगळं बोलणं आपल्यामार्फतच व्हावं असा त्यांचा आग्रह होता, तो आम्ही मोडून काढला. रोजच्या तांत्रिक शंकांना मधला माणूस म्हणजे नुसता उशीर. आणि रिजेक्शन आलं तर भरपाई ते देत नाहीत, तो हिशेब शेवटी आपला आणि सप्लायरचाच.

कोणी घेणार असेल तर फीचं गणित आधी नीट बघा. सप्लायरकडून कसलंही कमिशन घेत नाही, हे करारात लेखी हवं. ‘जेवढी बचत, त्याचे टक्के’ हा प्रकार ऐकायला गोड, पण मग सल्लागाराचा कल स्वस्तवाल्याकडेच झुकणार. आम्ही ठरावीक फी घेतली.

पुढच्या वर्षी फक्त कास्टिंग आणि नवीन टूलिंगच्या कामांसाठी ठेवणार आहोत. बोल्ट, बेअरिंग वगैरे स्टँडर्ड माल आमचा पर्चेसवाला बघेल.