बडोद्याचं कमाटीबाग म्युझियम, अडीच वर्षांच्या ठमीसोबत

पाच स्टार. आधीच सांगून टाकते, कारण पुढे बरंच लिहिणारे आणि त्यात म्युझियमपेक्षा ठमीच जास्त येईल. पण एवढ्याशा पोरांना घेऊन तिथे जावं की नाही हाच तर सगळ्यांचा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर पोरं तिथे काय बोलतात त्यातच मिळतं.

ठमी म्हणजे आमची लेक, हे लाडाचं नाव. घरात मराठी, आणि दिवसभर तिला सांभाळणाऱ्या मासी गुजराती, त्यामुळे बोलणं निम्मं आमचं निम्मं मासींचं. र, ड, ळ यांचा बहुतेक वेळा ल होतो आणि क चा त. काल, परवा, मागच्या महिन्यात, सगळ्याला एकच शब्द, उद्या. "उद्या आपण आजीकडे गेलो होतो" असं बिनधास्त सांगते.

डिसेंबरातला रविवार, मी, नवरा, सासूबाई आणि ठमी. काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी रिक्षा सोडली, वर सयाजीराव महाराज घोड्यावर बसलेले. ठमी मान वर करून बराच वेळ बघत राहिली आणि मग मोठ्यांदा म्हणाली, "आजोबा, उतला ना. घोल्याचे पाय दुखतात." सासूबाई म्हणाल्या अगं आजोबा काय, महाराज आहेत ते, नमस्कार कर. तिने नमस्कार केला आणि म्हणाली, "महालाज, उतला." आम्ही बडोद्याची मराठी माणसं, महाराजांचं नाव घरात रोज निघतं, पण त्यांच्या घोड्याची काळजी आमच्या घरात आजवर कोणी केली नव्हती.

बाग १८७९ ची, म्युझियमची इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. सासूबाई लहानपणी त्यांच्या वडिलांचं बोट धरून यायच्या आणि तेव्हाही पोरांचा एकच हट्ट असायचा, मोठा मासा बघायचा. तो मोठा मासा म्हणजे निळ्या देवमाशाचा सांगाडा, ७० फुटांच्या वर लांब, १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला. मला वाटत होतं ही घाबरेल, मी कडेवर घट्ट धरलं होतं, पण ती खाली उतरायला धडपडायला लागली, "मोथी माछली! मोथी माछली!" (माछली हा मासींचा शब्द.) उतरली आणि एकदम गप्प. एका टोकापासून चालायला लागली, हात मागे बांधून, हुबेहूब सासऱ्यांसारखी, मधे एकदा थांबली, परत चालली. पार दुसऱ्या टोकाला जाऊन वळली आणि तिथून ओरडून विचारलं, "हिचं पोत तुथे गेलं?"

आता काय सांगणार. नवऱ्याने खाली बसून नीट समजावलं की हा खरा मासा नाही, आपल्यासारखा हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो, आणि एवढा मोठा असून चावायला दात नाहीत, तोंडात झालरीसारखं गाळणं असतं, त्यातून पाणी बाहेर सोडायचं आणि बारीक बारीक कोळंबीसारखे जीव पोटात. ठमीने सगळं ऐकून घेतलं, मग आजीकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाली, "हिने मंमं नाही खाल्लं."

मला आधी कळलंच नाही, सासूबाईंना लगेच कळलं. कारण रोज जेवताना त्याच म्हणतात, "जेवली नाहीस ना, तर हाडं दिसायला लागतील हां." तर ठमीच्या समोर ७० फूट हाडंच हाडं होती. सासूबाईंच्या डोळ्यांत हसता हसता पाणी आलं, त्यांनी तिला जवळ घेतलं, पण ठमीला हसू येत नव्हतं. तिला खरंच वाईट वाटत होतं. मोठी माणसं ह्या वयाच्या पोरांचं बोलणं ऐकून "किती गोड" म्हणतात आणि पुढे चालायला लागतात, आणि ते पोर मात्र तिथेच उभं असतं, कारण त्याचा प्रश्न अजून सुटलेला नसतो. मी तरी त्या दिवशी ठरवलं की जिथे ही थांबेल तिथे आपण थांबायचं.

मग तिने माझ्या पर्समधून ग्लुकोजचं बिस्कीट काढायला लावलं आणि हात लांब करून माशासमोर धरलं. तिथले गार्डकाका आले, पन्नाशीचे असतील, प्रेमाने म्हणाले, "बेटा, अंदर खावानुं नहीं." ठमी त्यांच्याकडे वळली आणि एकदम सिरियस, "मला नथी. माछलीला छे." काकांना मराठी येत होतं की नाही देव जाणे पण एवढं कळलं. ते हसले नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी हात पुढे केला, बिस्कीट घेतलं, शर्टाच्या खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं आणि म्हणाले, "हुं सांजे आपी दईश." संध्याकाळी देतो. ठमीने बटणाकडे बघितलं, मान डोलावली, आणि मग कुठे आम्ही पुढच्या दालनात जाऊ शकलो. पाचातला एक स्टार पूर्ण त्या काकांचा.

इजिप्तची ममी मला दाखवायचीच नव्हती, पण ती दिसलीच. नवरा म्हणाला शूऽऽ, झोपलीये ती. बास, त्यानंतर बाईसाहेब चवड्यांवर चालायला लागल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तोंडावर बोट ठेवून, "हळू. बाई उथेल." एक सातआठ जणांचा घोळका जोरजोरात बोलत आला होता, तोसुद्धा खरंच हळू बोलायला लागला. शेजारच्या चित्रांच्या गॅलरीत मात्र आम्ही दहा मिनिटंच टिकलो, कारण एका युरोपियन चित्रातल्या उघड्या बाळाला बघून तिने "बाळाला चड्डी घाला!" चा धोशा लावला. ती गॅलरी बघायची असेल तर एकाने पोर सांभाळायचं आणि दुसऱ्याने जायचं, आम्ही पुढच्या वेळी तसंच केलं.

बाहेर आल्यावर भूक. इथे एक तक्रार आहे. एका लारीवर (हातगाडीवर) सेवउसळ घेतली, पोरीसाठी फिकी द्या, तर्री नको, असं दोनदा सांगितलं, त्यांनी हो हो म्हटलं आणि दिली ती चांगलीच तिखट. पहिल्याच घासाला ठमीचे कान लाल झाले आणि ती जीभ बाहेर काढून रडत रडत म्हणाली, "जिभेला मुंगी चावली." लारीचं नाव लिहीत नाही, गर्दी होती, पण लहान मुलाच्या नावाने सांगितलेलं तरी नीट ऐकावं माणसाने. पोरांसाठी घरचा डबाच न्या, दहीभात बेस्ट.

मुंगी गेली ती पुलावर. विश्वामित्री नदीच्या काठावर मगर ऊन खात पडली होती, थंडीत दिसतात, तोंड सताड उघडं. मगरीला घाम येत नाही म्हणून अंग तापलं की ती तसं तोंड उघडून बसते हे मला माहीत होतं आणि मी सांगणारच होते, पण ठमीने आधीच निदान केलं, "आ तेलाय. दॉत्तल येनाल." तिचा घसा त्याच आठवड्यात बघून झाला होता ना. आणि प्राणीसंग्रहालयात वाघाला "मोथी माऊ" म्हणाली, ते तर अगदी बरोबरच आहे, वाघ मांजराच्याच कुळातला. वर्षापूर्वी मांजर, गाय, शेजाऱ्यांचं गाढवाचं खेळणं, चार पाय दिसले की सगळे भूभू होते, तिथून इथपर्यंत आलीये पोरगी.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी एवढंच, सगळं बघायचा हट्ट धरू नका. दोनच गोष्टी ठरवा, मासा आणि अजून एक काहीतरी. सकाळी जा, दुपारच्या झोपेची वेळ गाठू नका, एक जण कडेवर घ्यायला तयार ठेवा. आणि पोरं जे बोलतील ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवा, हे मी अगदी मनापासून सांगतेय. मागच्या आठवड्यात ठमी पहिल्यांदा स्वच्छ "काका" म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या, आणि रात्री मला आठवलं की "ताता" आता परत ऐकायला मिळणार नाही, आमच्याकडे तो एकाही व्हिडिओत नाहीये, फक्त वहीत आहे.

घरी त्या दिवसापासून जेवणाचा त्रास अर्धा झाला. वरणभाताचा शेवटचा घास संपवून पोटावर हात फिरवते आणि सांगते, "मी माछली नाही." सासूबाईंनी मात्र ती हाडांची भीती घालणं स्वतःहून बंद केलं.

परवा परत गेलो होतो. नशिबाने तेच गार्डकाका. ठमी पळत गेली आणि त्यांच्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाली, "दिलं?" मला वाटलं त्यांना आठवणार नाही, रोज शेकडो पोरं येतात. काका गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "आपी दीधुं. आखुं खाई गई." दिलं, अख्खं खाऊन टाकलं. ठमीने माशाकडे बघितलं, टोकापासून टोकापर्यंत, मग काकांकडे वळून म्हणाली, "अजून बालीक आहे. लोज द्या."