दिवा विझवला आणि बिल पंपाचं लावलं

गाडी चालवणाऱ्या सगळ्यांसाठी, त्यातही एकटीनं गॅरेजची पायरी चढणाऱ्या बायकांसाठी हे लिहितेय. पैसे गेल्याचा राग आहेच, पण खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

गगनबावड्याहून आईला घेऊन कोल्हापूरला येत होते. फुलेवाडीजवळ गर्दीत गाडी स्लोला आली की डॅशबोर्डवरचा तेलाच्या किटलीचा लाल दिवा, म्हणजे इंजिनातल्या तेलाचा दाब कमी असल्याचा इशारा, लुकलुकायचा, रेस दिली की जायचा. चालू गाडीत हा दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, एवढं माहीत होतं. तसंच केलं. थोड्या वेळानं ऑईलची पट्टी काढून बघितली, तर तेल दोन्ही खुणांच्या मधोमध, म्हणजे पुरेसं. मग जवळच्या गॅरेजवाल्याला बोलावलं, तो गाडी ओढून घेऊन गेला.

"ताई, पंप गेलाय बघा. अशीच पळवली तर इंजिन जाम हुतंय." पंप म्हणजे इंजिनात तेल फिरवणारा ऑईल पंप. हे त्यानं नुसता आवाज ऐकून सांगितलं. तेलाचं प्रेशर मोजलं का, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. इंजिनाचं नाव काढल्यावर माणूस घाबरतोच, मीही घाबरले आणि "करा" म्हणाले.

तिसऱ्या दिवशी एका चिठ्ठीवर हिशेब मिळाला: पंप 9,500, तेल-फिल्टर 3,200, मजुरी 4,100. एकूण 16,800. "पक्कं बिल पाहिजे तर टॅक्स वेगळा पडंल," म्हणाला. जुना पंप मागितल्यावर पोत्यावरचा एक काळाकुट्ट पंप उचलून दाखवला. मी त्याचा फोटो काढून ठेवला आणि पैसे फोनवरून दिले. ह्या दोन गोष्टी आता उपयोगी पडतायत. दिवा बंद झाला होता, म्हणून मीही निर्धास्त झाले.

तीन आठवडे गाडी चालवली. एका सकाळी मी चावी फिरवली तेव्हा धाकटा शेजारी बसला होता. तो म्हणाला, "आई, ती लाल किटली आता लागतच नाही गं." खरंच. बॅटरीचा दिवा लागत होता, इंजिनचा लागत होता, किटलीची जागा काळी. इंजिन सुरू व्हायच्या आधी तेलाला दाबच नसतो, त्यामुळे माझ्या गाडीत तेव्हा तो दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. दोन्ही वेळा विझलेलाच असेल तर दिवा बिघडलाय किंवा कुणीतरी बिघडवलाय.

तडक कोल्हापुरातलं उद्यमनगर गाठलं. तिथले एक वयस्कर मिस्त्री गाडीखाली गेले आणि मलाही वाकून बघायला लावलं. ऑईल स्विचकडे, म्हणजे तेलाचा दाब कमी झाला की तो दिवा लावणाऱ्या स्विचकडे, जाणारी वायर कापलेली, टोकाला काळा टेप गुंडाळून वर खोचून ठेवलेली. स्विच जुनाच, तेलानं ओलाचिंब. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या बोल्टांवर पावसाळ्यातला वाळलेला चिखल तसाच्या तसा. "वहिनी, ह्याला पान्हाच लागला न्हाई. पंप कुठनं बदलतोय?" फोटो बघून म्हणाले, "ह्यो तुमच्या गाडीचा न्हवंच. तुमचा पंप क्रँकच्या तोंडावर बसतोय, फुडच्या कव्हरात."

मग त्यांनी स्विच काढून त्या जागी दाब मोजणारा गेज लावला. गरम इंजिनाला स्लोवर दाब सव्वा किलो, रेस दिल्यावर तीनच्या वर. माझ्या डोळ्यांसमोर काटा चढला. पंप ठणठणीत होता. आतला पडदा फाटून स्विच गळत होता आणि तेल कनेक्टरात शिरत होतं, म्हणून दिवा लुकलुकत होता. नवा स्विच 350 रुपये, मजुरी 200.

म्हणजे गळका स्विच तसाच ठेवून त्या पहिल्या गॅरेजवाल्यानं गाडीचा डोळा फोडला होता. त्या तीन आठवड्यांत आईला पोचवायला मी पुन्हा गगनबावड्याला जाऊन आले होते, मुलगा मागे झोपलेला. वाटेत तेल खरंच संपलं असतं तर कळायला काही साधनच नव्हतं. हे मी त्याला माफ करू शकत नाही.

तुम्हाला कुणी पंप किंवा बेअरिंग सांगितलं, तर आधी गेज लावायला लावा आणि काटा स्वतः बघा. गाडी परत घेताना इंजिन चालू न करता चावी फिरवून किटली लागते का ते पाहा. काही नव्या गाड्यांत साध्या स्विचऐवजी दाब मोजणारा सेन्सर असतो. तिथं स्कॅनरवर कोड दिसला तरी गेजचा आग्रह सोडू नका, कारण कोड सेन्सरच्या बिघाडाचाही असू शकतो. आणि पक्क्या बिलावर अडून बसा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे.

गॅरेजवाला आधी "आतनं बदललाय" यावरच ठाम होता. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर त्यानं पंपाचे 9,500 परत पाठवले, बाकीचं बोलायला तयार नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. वस्तू किंवा सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही. मिस्त्रींनी काय सापडलं ते सहीनिशी लिहून दिलंय. टेप गुंडाळलेला तो वायरचा तुकडाही पाकिटात ठेवलाय, अर्जासोबत देण्यासाठी.