गालिबची पत्रं: गाडीत, बसमध्ये, स्टेशनवर

गेल्या पावसाळ्यापासून मिर्झा गालिबच्या पत्रांची देवनागरी प्रत माझ्या प्रवासाच्या पिशवीत असते. भाषा मूळ उर्दूच, लिपी आपली, कठीण शब्दांचे अर्थ पानाच्या तळाशी. हिंदी सहज वाचणाऱ्यांनी भाषांतराच्या मागे न लागता अशीच प्रत घ्यावी. फारसी शब्दांना सुरुवातीला अडखळायला होतं, पण चार-सहा पत्रांत कान तयार होतो.

प्रवासात हे पुस्तक फार छान चालतं. पत्रं बहुतेक छोटी, शिवाय मायना-बियना बाजूला ठेवून थेट बोलायला लागणारी. १८६० मध्ये रामपूरला गेलेला गालिब तिथून आपल्या लाडक्या शिष्याला, मीर मेहदी मजरूहला लिहितो, तेव्हा सुरुवातच अशी: अरे, माझा मेहदी आला, ये, बैस, तब्येत बरी ना? मग रामपूरचं कौतुक, कोसी नदीच्या गोड पाण्याचं कौतुक. कोकण रेल्वेवर क्रॉसिंगला गाडी रखडली होती, बाहेर धो धो पाऊस, तेव्हा बायकोच्या नात्यातल्या अलाईला लिहिलेलं पत्र समोर आलं. घराच्या भिंती पडल्यात, तुझी आत्या (म्हणजे गालिबची बायको) 'दबले, मेले' म्हणतेय, ढग दोन तास बरसला की छत चार तास बरसतं! पन्नाशी-साठीतला, पेन्शनीवर जगणारा माणूस, आणि संकट सांगतानाही समोरच्याला हसवतो. मला हे त्याच्या शेरांइतकंच मोठं वाटतं.

पत्रं तारखेप्रमाणे नाहीत, ज्याला लिहिली त्याच्याप्रमाणे लावलेली आहेत. त्यामुळे १८५७ नंतरची उजाड दिल्ली दुसऱ्या शिष्याला, हरगोपाल तफ्ताला लिहिलेल्या पत्रांत एकदा भेटते, मजरूहच्या पत्रांत पुन्हा. बंद पडलेली पेन्शन, पांगलेले दोस्त, पाडलेल्या इमारती, सगळं नव्याने. सलग वाचताना याचा त्रास होतो. पण दोन प्रवासांमध्ये आठवडे गेलेले असले की तीच बातमी वेगळ्या माणसाला कशी सांगितली आहे, हे नीट दिसतं. तफ्ताला शेरांच्या दुरुस्त्या आणि दटावणीही; मजरूह मात्र घरचाच.

तक्रारी दोन. छपाई बारीक, रात्री बर्थच्या दिव्यात डोळे दुखतात. आणि कोण कुणाचा कोण, याची यादी शेवटी दिली आहे, ती आधी हवी होती. मी नावं कागदावर उतरवून पुठ्ठ्याच्या आत चिकटवली आहेत.

नवीन वाचणाऱ्याने पहिल्या पानापासून जाऊ नये. आधी मजरूह, मग अलाई, मग तफ्ता. प्रस्तावना घरी वाचा.